अणुभट्टीतला पाइप फुटला तर काय होतं? खरा पाइप न फोडता हे शोधून काढतात कसं?

३१ डिसेंबर २०१३. बाकीचा देश थर्टी फर्स्टच्या तयारीत होता आणि इकडं सोलापुरात विजेच्या दुनियेतली एक मोठी गोष्ट घडत होती. रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन त्या दिवशी सुरू झाली आणि दक्षिण भारताची ग्रीड देशाच्या उरलेल्या ग्रीडला जोडली गेली. आज आपण 'एक देश, एक ग्रीड' म्हणतो, ते या लाइनमुळं प्रत्यक्षात आलं.

याचा अर्थ काय? तर कर्नाटकातलं कैगा, तमिळनाडूतलं कुडनकुलम, गुजरातमधलं काक्रापार आणि आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर, या सगळ्या अणुभट्ट्यांची वीज आता एकाच जाळ्यात येते. सोलापुरातल्या घरातला पंखाही त्याच जाळ्यावर फिरतो.

सोलापूर जिल्ह्याचं आणखी एक नातं आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा. त्यांनी वसवलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात देशातल्या अणुभट्ट्यांचे मोठमोठे भाग तयार झालेत.

थोडक्यात, अणुभट्टी आपल्या गावात नसली तरी तिचा विषय आपल्यापासून लांब नाही. आणि जैतापूरचा विषय निघाला की सोशल मीडियावर दोनच प्रकारच्या पोस्ट फिरतात. एक म्हणते, "शंभर टक्के सुरक्षित." दुसरी म्हणते, "एक पाइप फुटला की संपलं."

मग खरंच एक पाइप फुटला तर काय होतं? आणि हे कळतं कसं? कारण चालू अणुभट्टीचा पाइप फोडून तर बघता येत नाही.

आधी स्टीम जनरेटर म्हणजे काय ते बघू

सोलापूरजवळ आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच. तिथं कोळसा जळतो, बॉयलरच्या नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, वीज तयार होते.

अणुभट्टीतही शेवटी वाफच टर्बाइन फिरवते. फरक मधल्या टप्प्यात आहे.

भारतातल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. तारापूरचे तिसरे आणि चौथे संच याच जातीचे, प्रत्येकी ५४० मेगावॅटचे. यात पाण्याची दोन वेगळी चक्रं असतात. पहिल्या चक्रातलं जड पाणी युरेनियमच्या इंधनाजवळून फिरतं आणि साधारण ३०० अंशांपर्यंत तापतं. यालाच कूलंट म्हणतात. दुसऱ्या चक्रातलं साधं पाणी टर्बाइनसाठी वाफ बनवतं.

ही दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. ती एकमेकांना फक्त उष्णता देतात, आणि ही देवाणघेवाण जिथं होते तो स्टीम जनरेटर.

त्याच्या आत उलट्या यू आकाराच्या हजारो बारीक नळ्या असतात. नळी बोटाएवढी जाड आणि तिची भिंत साधारण एक मिलिमीटरची. नळीच्या आत किरणोत्सर्गी कूलंट, बाहेर साधं पाणी. म्हणजे या दोघांच्या मध्ये एक मिलिमीटर धातू.

पाइप फुटला की पहिल्या काही सेकंदांत काय होतं?

प्रेशर कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून ते साधारण १२० अंशांपर्यंत जातं. अणुभट्टीत दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट असतो, म्हणून ३०० अंशांनाही पाणी पाणीच राहतं.

आता पाइप फुटला. दाब एकदम खाली आला. तापलेल्या पाण्याला आता पाणी म्हणून राहता येत नाही, त्यातल्या बऱ्याच भागाची वाफ होते. पाणी आणि वाफ यांचं मिश्रण फुटलेल्या जागेतून प्रचंड वेगानं बाहेर पडायला लागतं.

अणुभट्टी लगेच बंद केली जाते. पण इथंच कोळसा आणि युरेनियम यांच्यातला फरक दिसतो.

कोळशाच्या बॉयलरची नळी फुटणं ही काही फार दुर्मीळ गोष्ट नाही. कोळसा बंद केला, आग विझली, दुरुस्तीवाले आत गेले. अणुभट्टीत साखळी प्रक्रिया थांबली तरी इंधनातले किरणोत्सर्गी पदार्थ उष्णता देतच राहतात. बंद केल्याकेल्या ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या ६ ते ७ टक्के असते.

ऐकायला कमी वाटतं. पण तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या संचात एकूण उष्णता १,७०० मेगावॅटच्या आसपास तयार होते. त्याचे ६ टक्के म्हणजे शंभर मेगावॅट. ही शेगडी कुठल्याच बटनानं बंद होत नाही. ती हळूहळू, तासांनी आणि दिवसांनी मंद होत जाते.

म्हणून सगळा खेळ एकाच गोष्टीचा आहे. इंधनाभोवती पाणी टिकलं पाहिजे आणि ती उष्णता कुठंतरी नेऊन टाकता आली पाहिजे.

मोठा पाइप फुटणं सगळ्यात वाईट, बरोबर?

सगळ्यांना असंच वाटतं. सुरुवातीला बऱ्याच तज्ज्ञांनाही तसंच वाटायचं. पण ते अर्धंच खरं आहे.

जड पाण्याच्या अणुभट्टीत पंप कूलंटला एका मोठ्या नळकांड्यात ढकलतो. त्याला हेडर म्हणतात. हेडरमधून ते शेकडो चॅनेलमध्ये वाटलं जातं. प्रत्येक चॅनेलमध्ये इंधन असतं. आता समजा हा आत नेणारा हेडरच फुटला.

चीर छोटी असेल तर पंपाचा जोर जास्त ठरतो, पाणी पुढंच जातं, इंधन थंड होत राहतं. चीर खूप मोठी असेल तर उलटं होतं. पाणी चॅनेलमधून मागं, फुटलेल्या जागेकडं धावतं. पण उलटं का असेना, ते इंधनावरून वाहत असतं, त्यामुळं उष्णता निघून जाते.

आणि चीर मधल्याच एखाद्या मापाची असली तर? पंप पुढं ढकलतोय, चीर मागं ओढतेय, दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटते. चॅनेलमधलं पाणी जवळपास जागच्या जागी थांबतं आणि इंधन तापायला लागतं.

म्हणजे सगळ्यात मोठी चीर ही सगळ्यात धोक्याची असेलच असं नाही. धोक्याचं माप मध्येच कुठंतरी लपलेलं असतं आणि ते अंदाजानं सापडत नाही. म्हणून हिशोब करावा लागतो, तोही एकदा नाही, वेगवेगळ्या मापांच्या आणि वेगवेगळ्या जागांच्या चिरा धरून पुन्हा पुन्हा.

यात स्टीम जनरेटर मित्र की शत्रू?

दोन्ही. किती मोठी चीर पडली, यावर ते ठरतं.

छोटी चीर असेल तर तिच्यातून पुरेशी उष्णता बाहेर जात नाही. मग उरलेली उष्णता नेण्याचं काम स्टीम जनरेटर करतो. तो इंधनापेक्षा उंचावर बसवलेला असतो. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, स्टीम जनरेटरमध्ये थंड होतं, जड होऊन खाली येतं. पंप बंद असले तरी हे चक्र आपोआप चालतं. अट एकच, स्टीम जनरेटरच्या बाहेरच्या बाजूला पाणी असलं पाहिजे.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनचा स्फोट झाला, आग लागली. केबल जळाल्या आणि पहिल्या संचाची वीज तब्बल १७ तास गायब होती. कूलंटचे पंप बंद. तेव्हा कर्मचाऱ्यांनी आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप सुरू करून त्यांचं पाणी स्टीम जनरेटरमध्ये सोडलं. वर सांगितलेलं आपोआप चालणारं चक्र चालू राहिलं आणि इंधन वाचलं. तिथं कूलंटचा पाइप फुटलेला नव्हता, पण स्टीम जनरेटरमध्ये पाणी असण्याची किंमत काय असते ते त्या रात्री कळलं.

आता मोठी चीर घ्या. आतला दाब झपाट्यानं पडतो, तापमानही पडतं. पण स्टीम जनरेटरच्या बाहेरच्या बाजूचं पाणी अजून अडीचशे अंशांच्या आसपास असतं. म्हणजे आता उलटी गंगा. जो उष्णता काढून घेत होता तोच आतल्या कूलंटला उष्णता परत द्यायला लागतो. म्हणून अशा वेळी स्टीम जनरेटरची वाफ मुद्दाम झपाट्यानं बाहेर सोडून त्याला थंड करावं लागतं.

तिसरा प्रकार वेगळाच आहे. बाहेरचा पाइप शाबूत, पण स्टीम जनरेटरच्या आतली ती एक मिलिमीटरची नळीच फुटली तर? आतला दाब बाहेरच्यापेक्षा दुपटीहून जास्त असतो, त्यामुळं किरणोत्सर्गी पाणी थेट वाफेच्या चक्रात शिरतं. हे चक्र अणुभट्टीच्या जाड भिंतींच्या बाहेर टर्बाइनपर्यंत जातं, म्हणून ही गळती लवकर ओळखणं फार महत्त्वाचं असतं. जपानच्या मिहामा केंद्रात ९ फेब्रुवारी १९९१ ला असंच घडलं होतं.

तारापूरलाही नळ्यांच्या गळतीचा अनुभव आहे, फक्त तो सावकाश होत गेला. १९६९ मध्ये सुरू झालेले पहिले दोन संच अमेरिकन बनावटीचे. त्यांना जोडलेल्या स्टीम जनरेटरच्या नळ्या गळायला लागल्या. शेवटी १९८० च्या दशकात हे स्टीम जनरेटर बाजूला काढले आणि दोन्ही संचांची क्षमता २१० वरून १६० मेगावॅटवर आणली. वीज कमी झाली तरी चालेल, पण गळकी नळी नको, असा तो निर्णय.

मग कॉम्प्युटर नेमकं काय करतो?

हवामानाचा अंदाज जसा करतात, तसंच काहीसं.

सगळे पाइप, पंप, हेडर, चॅनेल आणि स्टीम जनरेटर कागदावर छोट्या छोट्या डब्यांमध्ये वाटायचे. एकाला एक जोडलेले शेकडो डबे. प्रत्येक डब्यात पाणी किती, वाफ किती, दाब किती, तापमान किती याची नोंद ठेवायची.

मग तीन नियम लावायचे. वस्तुमान नाहीसं होत नाही. ऊर्जा नाहीशी होत नाही. आणि वाहणाऱ्या गोष्टीचा वेग जोर लावल्याशिवाय बदलत नाही. हे तीन नियम पाण्यासाठी वेगळे आणि वाफेसाठी वेगळे, कारण दोघं एकाच पाइपात वेगवेगळ्या वेगानं जातात. म्हणजे प्रत्येक डब्यासाठी सहा समीकरणं.

आता एका डब्याला भोक पाडायचं आणि घड्याळ सुरू करायचं. कॉम्प्युटर सेकंदाच्या बारीक बारीक तुकड्यांत पुढं सरकतो आणि प्रत्येक तुकड्यात सगळ्या डब्यांचा हिशोब पुन्हा मांडतो.

नियम तीनच असले तरी खरी डोकेदुखी बारकाव्यांत आहे. उदाहरणार्थ, तवा. साधारण गरम तव्यावर पाणी टाकलं की चर्र करून लगेच उडून जातं. पण तवा जास्तच तापला असेल तर थेंब त्यावर नाचत राहतो, कारण खाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि पाणी धातूला टेकतच नाही. अणुभट्टीतलं इंधनही असं तापलं की त्याच्यावर पाणी ओतूनही ते लवकर थंड होत नाही. 'चर्र' कुठं संपतं आणि 'नाच' कुठं सुरू होतो, हे वरच्या तीन नियमांतून निघत नाही. ते प्रयोग करूनच मोजावं लागतं.

आणि शेवटी बघायचं काय? तर इंधनाच्या धातूच्या आवरणाचं तापमान. अमेरिकेनं १९७४ मध्ये यासाठी साधारण १,२०० अंशांची मर्यादा ठरवली. त्यापुढं आवरणाचा धातू आणि वाफ यांची रासायनिक प्रक्रिया वेगानं होते, आवरण ठिसूळ होतं आणि हायड्रोजन तयार होतो. फुकुशिमात स्फोट झाले ते याच हायड्रोजनचे.

यासाठी लागणारे प्रोग्रॅम अनेक देशांनी बनवलेत. अमेरिकेचा रिलॅप, फ्रान्सचा काथार, कॅनडाचा कथिना. आपल्याकडं न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशननं 'आत्मिका' नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम तयार केला.

पण कॉम्प्युटरवर विश्वास का ठेवायचा?

हा प्रश्न विचारायलाच हवा. चुकीचं समीकरण दिलं तरी कॉम्प्युटर तितक्याच आत्मविश्वासानं उत्तर देतो.

म्हणून खरे पाइप फोडावे लागतात, फक्त खऱ्या वीज केंद्रातले नाही. कॅनडात आरडी-१४एम नावाची एक प्रायोगिक यंत्रणा उभारली होती. पंप, हेडर, चॅनेल, स्टीम जनरेटर सगळं होतं, फक्त युरेनियमच्या जागी विजेचे हीटर. तिथं मुद्दाम हेडरला भोक पाडून दाब आणि तापमान मोजलं गेलं. मग भारतासह सहा देशांच्या तज्ज्ञांनी आपापल्या प्रोग्रॅमवर तोच प्रसंग चालवून उत्तर ताडून पाहिलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं ही तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा प्रायोगिक यंत्रणा आहेत.

अमेरिकेनं तर आयडाहोच्या वाळवंटात याच कामासाठी एक छोटी खरी अणुभट्टी बांधली आणि डिसेंबर १९७८ मध्ये तिचा मोठा पाइप फुटल्याचा प्रयोग केला. प्रयोग यशस्वी झाला.

आणि पुढच्या चारच महिन्यांत, २८ मार्च १९७९ ला, पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला. तिथं मोठा पाइप फुटलाच नव्हता. एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता, म्हणजे हिशोबाच्या भाषेत छोटी चीर. त्यातच स्टीम जनरेटरला जादा पाणी देणारे व्हॉल्व्ह बंद राहिले होते, त्यामुळं सुरुवातीची आठ मिनिटं ते पाणी पोहोचलंच नाही. पाणी कमी होतंय की जास्त, हे कर्मचाऱ्यांना समोरच्या काट्यांवरून नीट कळेना, म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केलं. अणुभट्टीचा जवळपास निम्मा गाभा वितळला.

तोवर बहुतेक अभ्यास मोठ्या पाइपवर झाला होता. या अपघातानंतर जगभरातल्या इंजिनिअरांनी छोट्या चिरांकडं आणि स्टीम जनरेटरकडं पुन्हा लक्ष वळवलं.

कॉम्प्युटरला काय कळत नाही?

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. पाइप फुटल्यावर काय होईल ते सिम्युलेशन सांगतं. पाइप कधी फुटेल, हे ते सांगत नाही.

९ ऑगस्ट २००४. पुन्हा जपानचं मिहामा, पण तिसरा संच. वाफेच्या चक्रातला एक पाइप आतून झिजून झिजून पातळ झाला होता. तपासणीच्या यादीत त्याचं नाव राहून गेलं होतं. १९७६ मध्ये केंद्र सुरू झाल्यापासून त्याची जाडी कुणी मोजलीच नव्हती. तो फुटला आणि गरम पाणी-वाफेनं पाच कामगारांचा जीव गेला. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, पण माणसं गेली. इथं सगळ्यात भारी प्रोग्रॅमही उपयोगाचा नव्हता. गरज होती ती जाडी मोजणाऱ्या माणसाची.

आपल्याकडचं उदाहरण काक्रापारचं. ११ मार्च २०१६ ला पहिल्या संचातल्या एका चॅनेलची दाबनळी गळायला लागली. अणुभट्टी बंद झाली, आपत्कालीन थंड पाण्याची व्यवस्था सुरू झाली, इंधन थंड राहिलं. म्हणजे गळती झाल्यावर काय करायचं, हा आधीच केलेला विचार कामाला आला. पण नळी बाहेरच्या बाजूनं गंजत होती, हे गळती होईपर्यंत लक्षात आलं नव्हतं. संच पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं.

हिशोब आणि तपासणी, दोन्ही लागतात. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

मग आपण काय करायचं?

भारतात हे हिशोब तपासायचं काम अणुऊर्जा नियामक मंडळाचं आहे. १९८३ मध्ये ते स्थापन झालं, मुख्यालय मुंबईत. पण वीज आपण वापरतो आणि तारापूर असो की उद्याचं जैतापूर, शेजारी राहणारी माणसंही आपलीच. त्यामुळं प्रश्न विचारायचा हक्क आपल्यालाही आहे.

"सुरक्षित आहे का?" असं विचारलं तर उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येणार. त्यापेक्षा हे तीन प्रश्न विचारा.

कुठल्या कुठल्या मापाच्या आणि कुठल्या जागेच्या चिरांचा हिशोब केलाय, फक्त मोठ्यांचा की मधल्या आणि छोट्यांचाही?

तो हिशोब कुठल्या खऱ्या प्रयोगाशी ताडून पाहिलाय?

आणि ज्या पाइपांचा आणि नळ्यांचा हिशोब कागदावर आहे, त्यांची जाडी प्रत्यक्षात शेवटची कधी मोजली?

पुढच्या वेळी "शंभर टक्के सुरक्षित" किंवा "एक पाइप फुटला की संपलं" असा फॉरवर्ड आला, तर पाठवणाऱ्याला यातला एक तरी प्रश्न विचारून बघा.